जनावर ज्याचे, मढे त्याचे

मंडळी, हे सदर जेवता जेवता वाचायची ज्यांना सवय आहे त्यांनी या वेळी अंक जरा बाजूला ठेवावा आणि आधी जेवून घ्यावे. विषयच तसा आहे. जिवंत गुरांना इकडे 'लाइव्हस्टॉक' म्हणतात हे आपल्याला ठाऊक असते. पण मेलेल्या गुरांना 'डेडस्टॉक' म्हणतात, त्यांच्यासाठी वेगळे नियम, वेगळे परवाने आणि वेगळे ट्रक असतात, हे टोरांटोच्या पंचविसाव्या मजल्यावर राहून कळायला काही मार्ग नाही.

आता मात्र कळून घ्यायची वेळ आली आहे. आपली मंडळी हळूहळू शहराबाहेर सरकू लागली आहेत. कुणी ग्वेल्फच्या पलीकडे पाच एकर घेतले, कुणी ऑरेंजव्हिलकडे जुने फार्महाउस घेतले. मग मुलीच्या हौसेसाठी एक घोडा येतो, गवत खायला चार शेळ्या येतात, अंड्यांसाठी कोंबड्या येतात. घेण्याआधी सगळी चौकशी होते. चारा कुठे मिळेल, कुंपण कसे घालायचे, विमा किती, डॉक्टर किती लांब. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : हे जनावर मेले तर? आपल्यात मरणाचे नाव आधी काढत नाहीत, हे खरे. पण जनावराला काही आपले मुहूर्त कळत नाहीत.

नुसता आकडा बघा. चांगली पोसलेली होल्स्टीन गाय साडेसहाशे ते सातशे किलोची असते. ती जुलै महिन्यात शुक्रवारी रात्री गोठ्यात पडली, तर शनिवारी दुपारपर्यंत पोट फुगून ढोल होते आणि रविवारी वास शेजारच्या शेतापर्यंत जातो. जानेवारीत पडली तर वास नाही, पण लाकडाच्या ओंडक्यासारखी गोठते आणि बाहेर जमीन अशी कडक असते की कुदळ वाजते, खड्डा काही होत नाही. दोन माणसांनी उचलायची ही वस्तू नव्हे. ट्रॅक्टर आणि पट्टा लागतो. शंभर गाईंचा गोठा असेल तर वर्षाकाठी काही दगावणारच. उत्तम डॉक्टर आणि उत्तम चारा असूनही. म्हणजे हा अपघात नाही, धंद्याचाच भाग आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही राहतो त्या आँटेरिओत २७ मार्च २००९ पासून नवे नियम लागू झाले. त्यांचे दोन भाग आहेत : शेतावर मेलेल्या जनावरांचा एक, आणि शेताबाहेर, म्हणजे रस्त्यात, जत्रेत, शर्यतीच्या मैदानावर मेलेल्यांचा दुसरा. गाय, म्हैस, घोडा, डुक्कर, शेळी, मेंढी, कोंबडी, अगदी अल्पाकासुद्धा त्यात येतो. मुख्य नियम सोपा आहे. जनावर मेल्यापासून ४८ तासांच्या आत त्याची व्यवस्था लागली पाहिजे, आणि ती लावण्याची जबाबदारी ज्याच्या शेतावर मेले त्याची. नगरपालिकेची नाही, शेजाऱ्याची नाही, आणि कुणा अमक्या जातीची तर नाहीच नाही.

व्यवस्था कशी लावायची याचे पर्यायही दिले आहेत. परवानाधारक 'कलेक्टर'ला बोलवा (आपला जिल्ह्याचा कलेक्टर नव्हे, मेलेली जनावरे गोळा करणारा!). नाहीतर स्वतःच्या जागेत पुरा, पण विहीर, ओढा, तळे यांच्यापासून नेमून दिलेले अंतर राखून, एका खड्ड्यात २५०० किलोपेक्षा जास्त नाही, आणि वर निदान ६० सेंटिमीटर माती. नाहीतर मान्यताप्राप्त भट्टीत जाळा. नाहीतर कंपोस्ट करा. मृत्यूचे कारण शोधायचे असेल तर डॉक्टरकडे शवविच्छेदनाला पाठवा. प्रांत बदलला की नियम बदलतात. अल्बर्टात २०१४ च्या नियमांप्रमाणे सात दिवसांची मुदत आहे, आणि अटी पाळून स्वतःच्या जमिनीवर कोल्ह्या-लांडग्यांसाठी ठेवायलाही परवानगी आहे. तिथे मोकळी जमीन पुष्कळ. आँटेरिओत एवढी मोकळीक परवडण्यासारखी नाही.

यातला पैशाचा भाग नीट समजून घ्यावा, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे. पूर्वी मेलेल्या जनावराला किंमत होती. कातडे चामड्याच्या कारखान्याला जायचे. उरलेले 'रेंडरिंग' कारखान्यात शिजवून चरबी वेगळी काढायची, ती साबणाला. आणि सुकलेल्या मांस-हाडांची पूड करायची, ती पशुखाद्याला. आमच्या ओळखीचे एक डेअरीवाले आजोबा आहेत. ते सांगतात, "त्या काळी ट्रकवाला यायचा, गाय न्यायचा आणि वर माझ्याच हातावर चार डॉलर ठेवून जायचा. आता गाय तीच, ट्रक तोच, पण चेक मी लिहितो."

हे उलटे का झाले? तर 'मॅड काऊ'मुळे. ब्रिटनमध्ये हा रोग पसरला तो गुरांनाच गुरांच्या हाडा-मांसाची पूड खाऊ घातल्यामुळे. रोगाचे कारण म्हणजे बिघडलेल्या घडणीचे एक प्रथिन. ते जंतूसारखे उकळून मरत नाही. रेंडरिंगच्या नेहमीच्या तापमानातूनही टिकून राहते. कॅनडाने १९९७ साली गुरांच्या खाद्यात असली पूड घालायला बंदी केली. तरीही २० मे २००३ रोजी अल्बर्टातल्या एका गाईला हा रोग असल्याचे जाहीर झाले. एकच गाय, पण अमेरिकेसकट अनेक देशांनी कॅनडाच्या गोमांसाला दारे बंद केली, आणि ज्यांनी ती गाय आयुष्यात पाहिली नव्हती असे शेतकरी देशोधडीला लागले. पुढे १२ जुलै २००७ पासून नियम आणखी कडक झाले. मेंदू, डोळे, मज्जारज्जू, लहान आतड्याचे टोक असे गाई-बैलांचे धोक्याचे भाग कुठल्याही जनावराच्या खाद्यात, कुत्र्या-मांजरांच्या डब्यात किंवा खतात वापरायचे नाहीत. ते वेगळे काढायचे, ने-आण करायला केंद्रीय अन्न तपासणी संस्थेचा परवाना घ्यायचा. साहजिकच खर्च वाढला, पुडीचे गिऱ्हाईक गेले, आणि मेलेली गाय ही मिळकत होती ती बिल झाली. जिथे गुरे कमी आणि अंतर जास्त, तिथे ट्रक परवडेनासा झाला. म्हणून शेतावरच्या कंपोस्टला महत्त्व आले.

या कंपोस्टचे आमच्या इंजिनिअरी डोक्याला फार कौतुक वाटते. लाकडाच्या चुऱ्याचा सुमारे ६० सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा, त्यावर गाय ठेवायची, वरून सगळीकडून पुन्हा तितकाच थर. बस्स. चुऱ्यात कार्बन भरपूर, गाईत नायट्रोजन भरपूर. दोन्हींचे प्रमाण आणि ओल जमली की जिवाणू कामाला लागतात आणि ढिगाच्या आतले तापमान ५५ अंशांच्या वर चढते. बाहेर उणे वीस असले तरी आत वाफ. वरचा थर गाळणीसारखा काम करतो, म्हणून वास येत नाही आणि कोल्हे उकरत नाहीत. साधारण सहा महिन्यांत मांस राहत नाही, मोठी हाडे तेवढी उरतात, ती पुढच्या ढिगात घालायची. ना वीज, ना यंत्र. मात्र चुऱ्यात कंजूषी केली की ढीग गार पडतो आणि आसपासची सगळी कुत्री जमतात.

एका गाईचे हे झाले. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियात पूर आला, १९२४ साली उपसून शेतजमीन केलेले सुमास सरोवर जणू परत आपल्या जागेवर आले, तेव्हा ६ लाख २८ हजार कोंबड्या, १२ हजार डुकरे आणि ४२० दुभती जनावरे मेली. हायवे वाहून गेले होते. तशात ४८ तास कुठले पाळणार? अशा वेळी सरकार, शेतकरी संघटना, डॉक्टर सगळ्यांना उभे राहावे लागते. तरी तत्त्व तेच राहते : हे काम कुणाचे, याचे उत्तर आधी लिहून ठेवलेले असते.

आणि इथेच आम्हाला आपल्याकडची आठवण येते. आपल्या गावात मेलेल्या जनावराचे कोण करायचे? हा प्रश्न इथल्या चारचौघांत टाकून बघा. पटकन उत्तर येते, "गिधाडं असायची की! आकाशात घिरट्या घालायची." खरे आहे. आणि ती गेली हेही खरे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मढ्यात उरते आणि ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारातल्या नऊशे नव्व्याण्णवांच्या हिशेबाने घटली होती. इकडेही तसेच एक औषध आहे. घोड्याला किंवा गाईला शांतपणे मरण देण्यासाठी जे पेंटोबार्बिटल टोचतात, ते मढ्यात राहते आणि ते खाऊन गरुड मरतात.

पण मंडळी, गिधाडे हे उत्तर अर्धेच आहे. गिधाडे गोठ्यात येत नव्हती. गोठ्यातून गावकुसाबाहेर ते जनावर ओढून कोण न्यायचे? कातडे कोण सोलायचे? याचे उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ते तोंडावर येत नाही. ते काम गावाने महारांच्या माथी मारले होते. पगार ठरलेला नाही, नाही म्हणायची सोय नाही, सुट्टी नाही. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा जमिनीचा तुकडा, दारोदार मागायचे बलुते, आणि मेलेल्या जनावराचे जे काही असेल ते. आणि हे सगळे केल्याबद्दल वर काय मिळायचे? तर विटाळ! ज्याच्या गोठ्यात गाय मेली तो सोवळा, आणि ज्याने त्याचा गोठा साफ करून दिला तो अस्पृश्य. हिशेबाची एवढी उलटी वही आम्ही दुसरी पाहिलेली नाही.

त्यात जीवाचा धोकाही होता. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, झालेले जनावर फाडले तर रोग माणसाला होतो. त्याचे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. २००६ साली सस्कॅचवानमध्ये या रोगाने आठशेच्या आसपास जनावरे मेली. तेव्हापासूनच नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून इकडे नियम आहे की एकाएकी मेलेले आणि नाका-तोंडातून रक्त आलेले जनावर उघडायचे नाही, डॉक्टरला बोलवायचे. आपल्या गावी ज्याने सुरी चालवली त्याला हे सांगणारे कोण होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडून द्या असे सांगितले. चवदार तळ्याची गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली असते. त्याच परिषदेतली ही गोष्ट मागे राहते. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, कारण वतनाचा तुकडा हीच पायातली बेडी आहे हे त्यांनी ओळखले होते. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. गावोगाव लोकांनी ढोर ओढायचे थांबवले तेव्हा बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या. गंमत बघा, काम घाणेरडे म्हणून करणारा अस्पृश्य, आणि तेच काम सोडले म्हणून गुन्हेगार!

त्या काळी एक युक्तिवाद फार शहाणपणाने केला गेला. हे काम सोडून महारांचे नुकसान होते आहे. कातडे, शिंगे, हाडे यांचे वर्षाला इतके इतके रुपये बुडतात. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात याचा समाचार घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही? ढोरे तुम्ही ओढा, फायदा तुम्ही घ्या, वर मी पदरचे पैसे देतो. टाळ्या मिळाल्या असतील. पण कोणी पुढे आले नाही.

आम्हाला या उत्तरात निव्वळ वक्तृत्व दिसत नाही, चोख हिशेब दिसतो. एखादे काम खरोखर फायद्याचे असेल तर त्याला जबरदस्ती लागत नाही. आणि फायद्याचे नसेल, तर ज्याला ते व्हायला हवे आहे त्याने पैसे मोजले पाहिजेत. आँटेरिओत २००३ नंतर नेमके हेच झाले. कातड्या-पुडीचा फायदा गेला, त्या दिवशी कोणी ट्रकवाल्याला असे म्हटले नाही की "तुझ्या बापजाद्यांचेच काम आहे, कर मुकाट्याने." शेतकरी कुरकुरला, पण त्याने चेकबुक काढले. ट्रकवाला येतो, हातमोजे घालतो, विंचने जनावर वर घेतो, कानातल्या बिल्ल्याचा नंबर टिपतो, पावती फाडतो. मग पुढच्या चौकात टिम हॉर्टन्सच्या रांगेत उभा राहून सगळ्यांबरोबर कॉफी घेतो. त्याचा कप वेगळा ठेवत नाहीत. त्याच्या मुलाने ट्रक चालवावा की डॉक्टर व्हावे हे गाव ठरवत नाही.

याचा अर्थ कॅनडा म्हणजे रामराज्य, असा आमचा मुळीच दावा नाही. घाणीचे आणि धोक्याचे काम इकडेही उतारावरून खाली वाहत जाते. एप्रिल २०२० मध्ये अल्बर्टातल्या हाय रिव्हरच्या कत्तलखान्यात नऊशेहून अधिक कामगारांना कोविड झाला. त्यात बाहेरून आलेल्यांचा, विशेषतः फिलिपिनो लोकांचा भरणा मोठा होता. नवा आलेला माणूस तेच काम घेतो जे जुना टाकून देतो. फरक इतकाच, की त्याला पगाराचा हक्क आहे आणि सोडून जायची वाट आहे. फरक लहान वाटला तरी माणसाचे आयुष्य त्यावर ठरते.

आणि आपल्याकडे हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे, तर तेही नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत ऊनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर बडवण्यात आले. त्याच महिन्यात सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे (हा मात्र जिल्ह्याचाच कलेक्टर) लोकांनी मेलेली जनावरे आणून टाकली आणि सांगितले, आता तुमची तुम्ही बघा. त्या एका कृतीत जो प्रश्न होता तोच आँटेरिओच्या नियमाचे पहिले वाक्य आहे. जनावर ज्याचे, मढे त्याचे. दूध ज्याने प्यायले, बैलाची मेहनत ज्याने घेतली, शेवटचा खर्चही त्यानेच करायचा.

आता ज्यांनी खरोखर जनावरे पाळली आहेत त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. कलेक्टरचा फोन नंबर आजच गोठ्यात लावून ठेवा. लाँग वीकएंडला शोधाशोध होत नाही. आपल्या भागात तो येतो का, घोडा नेतो का, किती घेतो, हेही आधीच विचारा, कारण सगळे सगळे नेत नाहीत. घोड्याला इंजेक्शन द्यायचे असेल तर आधी न्यायची व्यवस्था पक्की करा, मग डॉक्टरला वेळ द्या. मढे ट्रकला पोचता येईल अशा जागी, ओढ्यापासून लांब ठेवा आणि ताडपत्रीने झाका. मुलांपासून आणि कुत्र्यांपासून दूर. कानातला बिल्ला काढून टाकू नका, त्यावरच त्या जनावराची नोंद बंद होते. चार-सहा जनावरे एकदम दगावली तर हात लावू नका, डॉक्टरला कळवा. कोंबडी मेली म्हणून कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकायचा मोह आवरा. नियम कोंबडीलाही आहे.

आणि जनावरे न पाळणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. आपली इकडे वाढलेली मुले गणपतीत, दिवाळीत गावच्या गोष्टी विचारतात. आपण नदी सांगतो, आमराई सांगतो, बैलपोळा सांगतो. पोळ्याला सजवलेला तो बैल पुढे मेला तेव्हा त्याला कोणी ओढून नेले, हेही सांगावे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. कुणाकडे प्रत असेल तर मागून वाचावे. घरातल्या थोरल्यांना ते ऐकायला अवघड जाईल. मुलांना नाही जाणार. त्यांनी हे काम पावती घेऊन करणारा ट्रक पाहिलेला असतो, म्हणून ती सरळ विचारतात, "मग त्या लोकांना पैसे किती द्यायचे?" या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

असो. पुढच्या अंकात विषय जेवणाच्या टेबलावर चालेलसा घेऊ.